अर्ध्या नावाला हाजर व्हायचं नसतं

हवालदार हे हवालदार नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. फौजेत ते साधे शिपाई होते आणि शिपाई म्हणूनच इटलीवाल्यांच्या हाती सापडले. पण आमच्या मुन्सफ कचेरीच्या आवारात जो कोणी खाकी कोट घालून यायचा त्याला लोक हवालदार म्हणायचे, आणि ह्यांनी तो कोट, एक आठवडा सोडला तर, ऐन उन्हाळ्यातही अंगातून काढला नाही. त्यांचं खरं नाव मी इथं लिहिणार नाही. त्यांचाच तसा हुकूम होता. 'नाव कागदावर लिव्हलं की मेलं, मियाँ,' असं म्हणायचे. 'कागदावर कुठं जोर दिसतोय?' त्यांच्या बाबतीत तर हे शब्दशः खरं होतं, कारण कागदावर ते मेलेले होते.

ते असं झालं. दुसऱ्या मोठ्या लढाईत ते आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले आणि इकडं खबर आली की गडी हरवला, मेला म्हणून समजा. तामलवाडीकडं त्यांची बापाकडून आलेली जमीन होती. आईबाप आधीच गेलेले, लग्न झालेलं नाही. धाकट्या चुलतभावानं रीतसर तेरावा घातला, गावाला जेवण दिलं, आणि तितक्याच रीतसर दफ्तरात त्यांच्या नावापुढं 'मयत' लिहून घेऊन जमीन आपल्या नावावर केली. त्यात त्या चुलतभावाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसानं नांगर धरल्याचं कुणी बघितलंय?

मग लढाई संपली आणि मयत माणूस परत आला. तोही सरळ आला असता तर ते हवालदार कसले! मुंबईहून सोलापूरची गाडी धरलेली. मध्ये कुर्डुवाडीला एक हमाल 'बार्शी, येडशी, लातूर' असं ओरडत होता. त्यातल्या येडशीवर त्यानं असा काही नेमका जोर दिला, की हे खूश होऊन खाली उतरले आणि त्या छोट्या गाडीत बसून येडशीला आले. तिथून गावापर्यंत दोन दिवस पायी. 'वाकडी वाट पडली की हो,' असं मी म्हटलं, तर म्हणाले, 'वाट वाकडी हुती, पर हाक सरळ हुती.'

गावात पोचले ते दिवेलागणीला. दाराची कडी वाजवली. आतून चुलतीनं, म्हणजे ज्या काकीनं त्यांना लहानाचं मोठं केलं तिनं, 'कोण हाय?' म्हणून विचारलं. आता सरळ 'मी आलोय काकी' म्हणावं की नाही? पण तीन-साडेतीन वर्षं कैदेत रोज सकाळी 'कोण?' म्हटलं की नाव तुकडे पाडून सांगायची सवय लागलेली. हे उंबऱ्याबाहेर ताठ उभे राहिले, टाच आपटली, आणि आपलं नाव एकेक तुकडा तोडून, मधल्या एका तुकड्यावर जोर देऊन ठणकावलं. म्हातारीला मोतीबिंदूनं दिसत नव्हतं. तिनं विचार केला, तेरावा घातलेला माणूस असं तुटक तुटक बोलतोय म्हणजे हे दुसरं काही नाही, भूतच. तिनं दार किलकिलं करून भाकरीचा तुकडा ओवाळून बाहेर टाकला. हवालदारांनी तो उचलला, 'पा-ने' म्हणाले आणि खाल्ला. दार जे लागलं ते लागलंच.

चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी बाहेर आला, ह्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, 'ह्यो आमचा दादा न्हाय. आमचा दादा साधा गडी हुता. ह्यो कुणीतरी बनावट माणूस हाय.' चेहरा पार करपलेला, अंगावर मांस नाही, आवाज घोगरा झालेला. फौजेचा कागद होता, पण कागद काय, कुणाचाही खिशात घालता येतो. तेव्हा हवालदारांनी आमच्या कचेरीत दावा लावला. मागणी एकच, की मी जिवंत आहे आणि मी मीच आहे, हे सरकारनं मान्य करावं. गावात राहायला जागा नाही म्हणून मुक्काम कचेरीमागच्या मठात, आणि दिवसभर कचेरीच्या लिंबाखाली.

आता त्यांच्या इटालियनचं सांगतो. सगळ्यांना वाटायचं, ह्यांना ती भाषा येते. 'येत न्हाय,' असं हवालदार स्वतःच सांगायचे. 'बोलता येत न्हाय, लिव्हता येत न्हाय, कळत तर अजाबात न्हाय. तोडता येते.'

कैदेत त्यांच्यावर पहारा करणारा एक शिपाई मूळचा बिगरीचा, म्हणजे अगदी लहान पोरांचा, मास्तर होता. लढाईनं त्याच्या हातातली छडी काढून बंदूक दिली, पण खोड कुठं जाते! कंटाळा आला की तो कैद्यांना ओळीनं बसवायचा आणि पोरांचं पहिलीचं पुस्तक काढायचा. त्यात शब्द सगळे तोडून लिहिलेले. प्रत्येक तुकड्याला एक टाळी, आणि ज्या तुकड्यावर जोर त्याला मांडीवर थाप. अर्थ पुस्तकाच्या मागल्या पानांवर चित्रांतून दिलेला होता म्हणे, पण ती पानं कैद्यांनी विडीला वापरली. अशा रीतीनं आमच्या हवालदारांना सात-आठशे इटालियन शब्द नेमके कुठं तोडायचे आणि नेमका कुठं जोर द्यायचा हे मुखोद्गत झालं. त्यातल्या फक्त एकाचा अर्थ त्यांना ठाऊक होता, 'पाने' म्हणजे भाकरी, आणि तोही भुकेपोटी.

पण अभ्यास काय पक्का! कोर्टात आलेल्या पक्षकारांना लिंबाखाली बसवून ते कायदा समजावून द्यायचे. 'का-वाल-लो. यात ल दोनदा हाय. दोन सारखी अक्षरं आली की ते जुळे भाऊ समजायचे. एकानं ह्या घरात ऱ्हायचं, एकानं त्या घरात. वाटणी झालीच पायजे.' जमिनीच्या वाटणीसाठी आठ-आठ वर्षं खेटे घालणारी माणसं हे ऐकून मान डोलवायची. 'आता फि-ने-स्त्रा. ह्यातला स बघा. ह्यो मागच्या घरात ऱ्हात न्हाय. पुढच्या घराच्या वसरीवर जाऊन बसतो. त्याला मागं वढायचा न्हाय.' कुणीतरी विचारायचं, 'का बरं?' हवालदार म्हणायचे, 'का ते त्याचं त्याला ठावं. कायदा हाय.'

जोराच्याही जाती होत्या. बहुतेक शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. त्या मास्तरानं हात आडवा धरून दाखवलं म्हणून हवालदार त्यांना सपाट म्हणायचे. शेवटच्याच तुकड्यावर जोर आला तर तुटका, जसं चित-ता. शेवटून तिसऱ्यावर आला तर घसरडा, जसं ता-वो-ला, इथं पहिल्याच तुकड्यावर पाय पडतो आणि पुढचं आपोआप घसरतं. आणि एक शब्द होता ते-ले-फो-ना-नो, त्यात जोर शेवटून चौथ्यावर. तो ते रोज म्हणायचे नाहीत. सणासुदीला म्हणायचे.

मराठीविषयी त्यांचं मत फार वाईट होतं. 'आपल्या बोलण्यात कुणालाच मान न्हाय. समदी अक्षरं एका रांगंत, नुसती मेंढरं. एकाला तरी पाटील करा की!' आमच्या उर्दूबद्दल विचारलं तर म्हणाले, 'त्यात पाटील लई, रयत कमी.' चालताना त्यांचं असंच. कचेरीला पाच पायऱ्या. ते तीन पायऱ्या हळू चढायचे, चौथीवर धाडकन पाय आपटायचे आणि पाचवी सोडल्यासारखी वर यायचे. आत फाइली सांभाळणारे कारकून, पेशकारसाहेब, लिहिता लिहिता दचकायचे आणि शाई सांडायची. तक्रार झाली तेव्हा ह्यांनी विचारलं, 'पायऱ्या पाच हायत त्याला मी काय करू? सहा करा, मी पाचवीवर आपटीन.'

एकदा गंमत झाली. हैदराबादेकडचा एक गोरा इटालियन पाद्री मोटारीनं चाललेला, आमच्या कचेरीसमोर चाक बसलं. लोकांना कोण आनंद! दहा जण धावले आणि हवालदारांना पुढं घातलं. 'बोला, बोला त्याच्याशी!' हवालदार कोटाचं बटण लावून पुढं झाले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, 'कावाल्लो. फिनेस्त्रा. फारिना. तावोला.' पाद्री हरखला. इतका शुद्ध उच्चार त्यानं घर सोडल्यापासून ऐकला नसावा. त्यानं ह्यांचे दोन्ही हात धरले आणि भडाभडा बोलत सुटला. डोळ्यांत पाणी. हवालदार डोळे मिटून ऐकत होते आणि दर शब्दाला मान हलवून सांगत होते, 'सपाट. सपाट. घसरडा. बरोबर. सपाट. व्वा!' पाद्री थांबला. आमच्याकडं वळून हिंदीत म्हणाला, 'ये साहब क्या चाहते हैं? घोडा, खिडकी, आटा, मेज… इनको कुछ खरीदना है क्या?'

आम्ही पोट धरून हसलो. हवालदार मात्र कानांवर हात ठेवून बाजूला झाले. त्यांना राग आला होता तो हसण्याचा नाही, अर्थ सांगितल्याचा. 'चार शब्द नासवले त्यानं,' असं दोन दिवस म्हणत होते. 'आता कावाल्लो म्हणायला गेलं की मधी घोडं येतंय.'

तौबा, हसू येतं, पण ह्याच माणसानं माझी भाकरी वाचवली, ते आता सांगतो.

मी भूमचा. मामूंनी शब्द टाकला म्हणून कचेरीत चपराशी लागलो. वडील नव्हते, घरात अम्मी आणि दोन बहिणी, मिळवता मी एकटा. मी लहानपणापासून तोतरा. ओठ मिटून बोलायची अक्षरं आली, प, ब, म, की ओठ जे मिटायचे ते उघडतच नसत. मामूंनी हे सांगितलं नव्हतं आणि मीही कशाला सांगू? फाइली उचलायला जीभ लागत नाही. पण चार महिन्यांत पुकारा करणारे जुने चपराशी छातीच्या दुखण्यानं घरी बसले आणि मुन्सफसाहेबांनी माझ्याकडं बोट केलं. 'तुम पुकारो.'

पुकारा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. दारात उभं राहून पक्षकाराचं नाव, बापाचं नाव, गाव असं सगळं एका दमात ओरडायचं आणि शेवटी 'हाजिर है?' असं तीनदा. तिसऱ्यालाही माणूस स्वतः आला नाही तर, वकील हजर असला तरी, पेशकार फाइलीवर 'गैरहजर, खारिज' लिहिणार आणि दावा संपला. पुकारा होण्याआधी दावा लावणाऱ्यानं आत पाऊल टाकलेलं साहेबांना खपत नसे. माणूस भला होता, पण शिस्तीचा कर्दनकाळ. पहिल्या दिवशी मी तीन नावांवर अडकलो, लोक हसले, एक बाई तर मला फिट आली समजून कांदा घेऊन धावली. साहेब म्हणाले, 'एक महीना देता हूँ, मियाँ. साफ पुकारना आ गया तो ठीक, नहीं तो घर.'

त्या दुपारी मी लिंबामागं तोंड लपवून बसलो होतो. हवालदार आले. मला वाटलं आता धीराचे चार शब्द बोलतील. ते म्हणाले, 'मियाँ, तू नाव तोडतोस चांगलं. पर चुकीच्या जागी तोडतोस.'

मला असा संताप आला! पण त्यांनी माझा हात धरून मांडीवर ठेवला. 'तू पयल्या तुकड्याकडं बघतोस, म्हणून तिथंच अडतोस. पयल्या तुकड्याला काय किंमत हाय? त्यो नुसता दाराचा उंबरा. तू वजनाच्या तुकड्याकडं बघ. त्यो तुझी वाट बघत बसलाय. त्याच्याकडं जायचं, उंबऱ्याकडं न्हाय. म्हण, का-वाल-लो.'

मी म्हटलं. एकदाही न अडखळता म्हटलं. फारिना म्हटलं, फिनेस्त्रा म्हटलं. मला खरंच रडू फुटलं, कारण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून सलग दहा शब्द बाहेर पडले होते आणि पाद्र्यानं नासवलेले सोडले तर त्यांतला एकही मला कळत नव्हता.

मग रोज तालीम. आधी इटालियन शब्द, मग पक्षकारांची नावं. टाळी, टाळी, मांडीवर थाप. भोवती बसलेले पक्षकारही टाळ्या वाजवायचे, त्यांना तरी दुसरं काय काम होतं? महिना संपत आला तोवर आवारातल्या चाळीस-पन्नास माणसांना फिनेस्त्राचा स कुठं बसतो हे ठाऊक झालं होतं. माझी नावं सुटायला लागली. चारांतली तीन सुटायची. चौथं अडलं की हवालदार लिंबाखालून हळूच एक टाळी द्यायचे आणि ते निघायचं.

एवढ्यात त्यांचे वकील कपाळाला हात लावून आले. त्यांना विरुद्ध बाजूची तयारी कळली होती. चुलतभाऊ कोर्टात एवढंच दाखवणार होता की आमचा दादा साधा शेतकरी होता, आणि हा माणूस दिवसभर झाडाखाली टाळ्या पिटत भलतंच काही बरळतो. साक्षीला खुद्द काकीला आणणार होता. वकील म्हणाले, 'अहो, तुमच्याविरुद्ध तुमच्याशिवाय दुसरा पुरावाच नाही! निकाल लागेपर्यंत तो कोट काढा, धोतर नेसा, पागोटं बांधा, आणि ते तुमचं टाळ्या-थापा, का-वा, फा-री, एक अक्षर तोंडातून काढू नका. एवढं केलंत तर जमीन तुमची. नाही तर तुम्ही मेलेलेच बरे.'

हवालदारांनी कबूल केलं. जमिनीवर त्यांचा जीव होता. कैदेत असताना रोज रात्री मनातल्या मनात बांधाबांधानं फिरायचो, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. आठवडाभर ते लिंबाखाली गप्प बसून राहिले. हात मांडीखाली दाबून ठेवायचे. आणि माझी नावं परत अडायला लागली. मी त्यांना काही बोललो नाही, कोणत्या तोंडानं बोलणार?

त्यांच्या दाव्याची तारीख आणि माझा महिना, दोन्ही एकाच दिवशी आलं. साहेब खुर्चीत बसता बसता मला म्हणाले, 'आज आखरी दिन है, मियाँ.' पहिलीच फाइल हवालदारांची. वकील आत उभे. चुलतभाऊ विरुद्ध पक्षाचा, तोही आत. काकी साक्षीदारांच्या बाकावर काठी धरून बसलेली. हवालदार बाहेर, दारापासून पंधरा पावलांवर, धोतर-पागोट्यात, ओळखू न येण्याइतके साधे. आणि त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर नेमकं ओठ मिटणारं.

मी दारात उभा राहून तोंड उघडलं. ओठ मिटले, आणि मिटलेच. नुसता 'म्… म्…' असा आवाज. आतून साहेब म्हणाले, 'एक.'

आवारातल्या सगळ्यांना ठाऊक होतं फाइल कुणाची आहे. 'हवालदार, जावा की आत!' कुणीतरी ओरडलं. हवालदार जागचे हलले नाहीत. ते आत गेले असते तर त्यांचं काम तिथंच झालं असतं, पण पुकारा न होताच पक्षकार आला हे साहेबांनी बघितलं असतं, म्हणजे माझी गठडी तिथंच वळली असती. ते म्हणाले, 'नाव कुठं पुरं झालंय अजून? अर्ध्या नावाला हाजर व्हायचं नसतं.'

दुसऱ्या वेळी माझ्या तोंडून पहिला तुकडा कसाबसा निघाला आणि तिथंच चिकटला. 'दो,' साहेब म्हणाले. वकील खिडकीशी येऊन हवालदारांना हात जोडत होते. लोक त्यांना ढकलत होते. एकानं तर दंडाला धरून उठवलं, तर हे परत खाली बसले. पेशकारांनी टाक शाईत बुडवला. मी हवालदारांकडं बघून मान हलवली, जा म्हणून. माझं काय व्हायचं ते होऊ दे. खरंच तसं मनात आलं माझ्या.

हवालदार उठले. मला वाटलं, आले एकदाचे. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून पारावर ठेवलं, दोन्ही हात मोकळे केले, टाळी वाजवली आणि मांडीवर थाप मारून ओरडले, 'का-वाल-लो! मियाँ, उंबऱ्याकडं बघू नको! फि-ने-स्त्रा!'

आणि मग जे झालं ते आमच्या कचेरीत पुन्हा कधी झालं नाही. सवयच लागली होती ना महिनाभराची. लिंबाखालच्या पन्नास पक्षकारांनी एकदम टाळ्या धरल्या. वाटणीवाले, बांधवाले, एक घटस्फोटवाली बाई, सगळे एका सुरात 'का-वाल-लो! फा-री-ना!' आत साहेब खुर्चीतून अर्धे उठले. आणि त्या थापेच्या नेमक्या ठेक्यावर माझ्या तोंडून हवालदारांचं नाव सुटलं. पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, एका दमात, जोर जिथं हवा तिथं. लिंबावरचे कावळे उडाले. 'हाजिर हैऽऽ?'

'हाजर!' म्हणून हवालदार पायऱ्या चढून आले.

आधी चुलतभाऊच बोलला, आणि ओरडला नाही, अगदी काकुळतीला येऊन बोलला, 'हेच सांगत हुतो हुजूर. तुमीच बघा. आमचा दादा असा हुता का? ह्यो येडा कुणाचा कोण!' वकिलांनी कागद गोळा करून पिशवीत भरायला घेतले. माझी नोकरी राहिली आणि ह्यांची जमीन गेली, एवढं मला उभ्या उभ्या कळलं. दाराची चौकट धरून मी रडत होतो.

साहेबांनी चष्मा काढला. 'तुम सामने ही बैठे थे. पहले पुकारे पर क्यों नहीं आए?'

'नाव पुरं झालं नव्हतं, हुजूर.'

'मालूम था, तीसरे के बाद दावा खारिज होता?'

'व्हय.'

'फिर?'

हवालदारांनी माझ्याकडं एकदा बघितलं. 'आत आलो असतो तर ह्या पोराची नोकरी जात हुती.'

साहेब काही म्हणायच्या आत बाकावर काठी वाजली. काकी उठून उभी राहिली होती. 'सायेब, म्या बोलू का?'

'आये, तुझी साक्ष मागनं हाय,' चुलतभाऊ म्हणाला.

'गप ऱ्हा.' म्हातारी आवाजाच्या दिशेनं वळली. 'सायेब, मला डोळ्यानं दिसत न्हाय. आवाज म्हणाल तर त्योबी पयल्यासारखा न्हाय. माझ्या लेकानं सांगितलं, ह्यो बनावट माणूस हाय, म्या मानलं. पर आमच्या घरात दुसऱ्यापायी आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारं एकच येडं जल्मलं हुतं.' मग ती मुलाकडं वळली. 'पाटलाची कडब्याची गंजी कुणी पेटवली हुती रं? बोल की. तू पेटवलीस. इस्तू खेळत हुतास. अन् चिंचंच्या फोकानं मार कुणी खाल्ला? चार दिस पाठ टेकता येत नव्हती त्याला. पर तुझं नाव काढलं का त्यानं?'

चुलतभाऊ तिशीचा बाप्या. तो खाली फरशीकडं बघत राहिला. साहेबांनी टाक हातात घेतला आणि हळू आवाजात त्याला विचारलं, 'ये कौन है?'

त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, 'दादा हाय.'

काकी काठी टेकत टेकत पुढं आली. कुणी तिला अडवलं नाही, चपराशी असून मीही नाही. तिनं हवालदारांच्या तोंडावरून, खांद्यांवरून हात फिरवला. त्यांना येऊन आठ महिने झाले होते. तिनं विचारलं, 'कवा आलास रं?'

हवालदार म्हणाले, 'आत्ताच आलो, काकी.'